चालू प्रिंटर भंगारात घालू नका, आधी त्याचा पत्ता बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी बेळगावच्या शहापुरात झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान चालवतो, गेली १९ वर्षं. आपल्या पेपरात रस्ते, पाणी, ऊस, कोर्टातला सीमाप्रश्न सगळ्यावर पत्रं येतात, कॉम्प्युटरवर कोण लिहीत नाही, आणि लिहिलं तर ते मोबाईलच्या फसवणुकीवर असतं. पण गेल्या दोन-तीन महिन्यांत माझ्या डोळ्यांदेखत चार प्रिंटर भंगारवाल्याच्या गाडीवर चढले, त्यातले तीन चालू होते, मी स्वतः बघितलेले. शाळेचे, सोसायटीचे, छोट्या दुकानदाराचे पैसे असे जायला लागलेत म्हणून हे पत्र लिहितोय. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

झालं असं की खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेतून बाईंचा फोन आला. "दादा, नवीन प्रिंटर घ्यायचाय, कुठला घेऊ तेवढं सांगा." मी म्हटलं बाई, जुन्याला काय झालं? तर म्हणाल्या ऑफलाइन म्हणतोय, आठ दिवस झाले, सातवीचे पेपर बाहेरून काढून आणायलोय, एका पानाला तीन-तीन रुपये पडायलेत, आणि कमिटीनं नव्याचा ठराव पण केलाय. म्हटलं ठराव राहूदे, रविवारी येतो, तोपर्यंत काय घेऊ नका.

रविवारी गाडी काढून गेलो. प्रिंटर चालू होता, हिरवा दिवा लागलेला. पहिलं काम काय केलं तर त्याच्याच काचेवर एक कागद ठेवून झेरॉक्स काढली. निघाली की स्वच्छ. आता हे कुणालाही घरी करता येतं, आणि याच्यातच अर्धा निकाल लागतो बघा. झेरॉक्स स्वच्छ निघाली म्हणजे टोनर, ड्रम, कागद ओढायचा रबर, तापवणारा भाग सगळं धडधाकट आहे, मशीनला काय झालेलं नाही, दुखणं आहे ते कॉम्प्युटर आणि प्रिंटरच्या मधल्या वाटेवर. मग मेनूत जाऊन प्रिंटरला त्याचाच सेटिंगचा कागद छापायला लावला, जवळपास सगळ्या नेटवर्क प्रिंटरमध्ये ही सोय असते, कुठं मेनूत असते कुठं एक बटण पाच-दहा सेकंद दाबून धरायचं असतं. त्या कागदावर आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, होता १९२.१६८.१.५०. मग बाईंच्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) असं टाईप करून एंटर मारलं, तिथं होता १९२.१६८.०.१०५.

बाईंना दोन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहून दाखवले. म्हटलं पहिले तीन आकडे म्हणजे गल्ली समजा आणि शेवटचा म्हणजे घर नंबर. कॉम्प्युटर राहतोय शून्याच्या गल्लीत, प्रिंटर राहतोय एकच्या गल्लीत. कॉम्प्युटर आपल्या गल्लीत हाका मारतोय आणि प्रिंटर दुसऱ्या गल्लीत दार उघडून बसलाय, भेट कशी होणार? बाई गणिताच्या, लगेच म्हणाल्या मग गल्ली बदलली कधी? बरोबर प्रश्न. विचारल्यावर कळलं की दीड आठवड्याआधी शाळेत नवीन फायबरचं इंटरनेट आलं, जुना राउटर गेला नवीन बसला, आणि या दोन राउटरच्या गल्ल्याच वेगळ्या. कॉम्प्युटर, मोबाईल ही मंडळी राउटरकडून आपोआप नवीन पत्ता मागून घेतात, त्याला डीएचसीपी म्हणतात, त्यामुळं त्यांचं काही अडलं नाही. प्रिंटरला मात्र कुणीतरी पूर्वी हातानं पत्ता घालून ठेवला होता, तो बिचारा तिथंच राहिला.

काम दहा मिनिटांचं निघालं. प्रिंटरचा पत्ता ऑटोमॅटिकवर टाकला, मग राउटरमध्ये जाऊन त्याच्या मॅक अ‍ॅड्रेसवर (म्हणजे मशीनच्या कायमच्या ओळख नंबरावर) एकच आकडा कायमचा राखून ठेवला, कॉम्प्युटरमध्ये प्रिंटरकडं जायची नवीन वाट, म्हणजे टीसीपी-आयपी पोर्ट, करून तो आकडा दिला, आणि एका चिकटपट्टीवर तोच आकडा मार्करनं लिहून प्रिंटरच्या पुढच्या दारावर चिकटवला. चाचणीचा कागद निघाला तेव्हा शिपाई मामा पण उठून बघायला आले. बाईंनी ठराव रद्द करायला लावला आणि त्या पैशात लायब्ररीला पुस्तकं घेऊया म्हणाल्या. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

ही चिकटपट्टी माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट आहे. तुमच्या ऑफिसात, शाळेत, दवाखान्यात नेटवर्कवर प्रिंटर असेल तर आजच त्याचा सेटिंगचा कागद छापून घ्या आणि पत्ता त्याच्या अंगावर लिहून ठेवा. पुढं कधी ऑफलाइन झाला की तो आकडा आणि कॉम्प्युटरचा आकडा जुळवून बघायचा, एवढंच. आणि कॉम्प्युटरला जर १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता दिसला तर समजायचं की राउटरनं त्याला पत्ता दिलेलाच नाही, वायर सुटलीय नाहीतर राउटर बंद आहे. आपल्याकडं हे पावसाळ्यात फार होतं. खानापूर, कणकुंबी भागात पावसात लाईट दिवसातून किती वेळा जाते हे तिथल्या माणसाला सांगायला नको. लाईट आली की सगळं एकदम सुरू होतं, राउटरला उठायला दोन-तीन मिनिटं लागतात, तोवर प्रिंटर पत्ता मागून दमलेला असतो. म्हणून लाईट आल्यावर पहिला राउटर, त्याचे दिवे स्थिर झाले की प्रिंटर, शेवटी कॉम्प्युटर. या क्रमानं चालू केलं तर निम्म्या तक्रारी येणारच नाहीत.

वळवाच्या पावसाचं पण सांगतो, कारण यात मशीन खरोखर मरतं. वीज कडाडली की लोक टीव्हीची केबल काढतात, लाईटचा प्लग काढतात, पण राउटरपासून प्रिंटरला आलेली लॅनची वायर तशीच राहते. एका बिल्डिंगमधून दुसऱ्या बिल्डिंगमध्ये उघड्यावरनं तांब्याची लॅन वायर ओढली असेल तर जवळ वीज पडली की दोन्ही टोकांचे पोर्ट जळतात, मी एका एप्रिलमध्ये एकाच गल्लीत असे तीन बघितलेत. वीज गरजायला लागली की ती वायर पण काढा. दोन इमारतींमध्ये कायमची ओढायची असेल तर फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची वायर, ओढून घ्या, काचेतनं वीज जात नाही. आणि लॅनची वायर १०० मीटरपर्यंतच धड चालते, मळ्यातल्या घरातनं रस्त्यावरच्या दुकानापर्यंत सव्वाशे-दीडशे मीटर ओढून मग नेट तुटतंय म्हणणारे पण भेटतात.

वायफायच्या प्रिंटरचं थोडक्यात. स्वस्तातले बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, नव्या राउटरवर ५ गिगाहर्ट्झच्या वायफायचं नाव निवडलं तर त्यांना ते दिसतच नाही, म्हणून राउटरमध्ये दोन्हीची नावं वेगळी ठेवा आणि प्रिंटरला २.४ चं द्या. पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वायफायवर मोबाईल जोडला असेल तर त्यावरनं बहुतेक वेळा प्रिंट जाणार नाही, ते मुद्दाम तसं केलेलं असतं. आणि रांगेत एखादी प्रिंट अडकून डिलीट पण होत नसेल तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर, म्हणजे छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्राम, थांबवायचा, विंडोजच्या सिस्टिम३२ मधल्या स्पूल फोल्डरातलं प्रिंटर्स नावाचं फोल्डर उघडून आतल्या फाईल काढून टाकायच्या, फोल्डर ठेवायचं, आणि स्पूलर परत चालू. त्यासाठी विंडोज नव्यानं टाकायची गरज नाही, पण त्याचेच पैसे घेणारे आहेत.

एक यूएसबीचा प्रिंटर दोन-तीन कॉम्प्युटरवर शेअर करून वापरणारे आपल्याकडं फार आहेत, वकिलांकडं, सीए लोकांकडं, पिग्मी गोळा करणाऱ्या सोसायट्यांत. त्यांना २०२१ पासनं एक एरर छळतोय, शेवटी ११बी असलेला. २०२१ च्या जुलैमध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये मोठं भोक सापडलं होतं, प्रिंटनाइटमेअर म्हणून ते गाजलं, त्या वर्षात नेटवर्कवरनं छापायचे नियम अपडेटमधून कडक झाले आणि सप्टेंबरच्या अपडेटनंतर जुनी शेअरिंग बंद पडायला लागली. यावर इंटरनेटवर उपाय काय सांगतात तर अपडेट काढा, नाहीतर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीत) एक आकडा शून्य करून ती सुरक्षाच बंद करा. मी हे माझ्या गिऱ्हाईकांना करू देत नाही. लोकांचे आधार, पासबुक, खटल्याचे कागद त्या कॉम्प्युटरवर असतात, दार बंद होत नाही म्हणून कडी काढून टाकायची का? सगळे कॉम्प्युटर सारखे अपडेट करा, बऱ्याच वेळा तेवढ्यानं सुटतं. नाही सुटलं तर पुढचा उपाय सांगतो, त्यात जुना कॉम्प्युटर कामाला येतो.

तर आता विंडोज १०. त्याला कंपनीकडनं मिळणारा आधार, म्हणजे सपोर्ट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरणाऱ्यांना नाव नोंदवून सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळायची सोय ठेवलीय, पण नोंदवायचं असतं हेच बऱ्याच जणांना माहीत नाही. आधार संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला असं नव्हे, तो चालतो, फक्त नवीन सापडलेली भोकं कोणी बुजवत नाही, म्हणून त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासनं पुढचा, म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेलं जवळपास सगळं बाद. आणि इथंच लोकांना एकदम सगळं बदलायला सांगतात, कॉम्प्युटर जुना झाला म्हणजे प्रिंटरही घ्या, स्कॅनरही घ्या.

मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात हेच झालं. तिथं शेतकऱ्याच्या मालाची पट्टी डॉट मॅट्रिक्सवर निघते, कार्बनच्या तीन प्रती, एक शेतकऱ्याला, एक घेणाऱ्याला, एक दुकानात. लेझर प्रिंटरवर कार्बन उठत नाही, कारण तो कागदाला मारत नाही, पावडर चिकटवतो, डॉट मॅट्रिक्सच्या सुया रिबनवर आपटतात म्हणून खालच्या कागदापर्यंत अक्षर उमटतं. सकाळी सौद्याच्या वेळी त्या दुकानात उभं राहिलं की कर्रकर्र असा आवाज सतत चालू असतो, मिरची, बटाटा, कांदा, वजन, दर, हमाली, तोलाई. त्यांचं बिलाचं प्रोग्राम डॉसमधलं, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळ्या पडद्याच्या सिस्टिमवरचं, २५ वर्षांच्या वर जुनं, मालकांचे वडील असताना कोणीतरी करून दिलेलं, आणि त्यात चूक म्हणून नाही. कॉम्प्युटरचा बोर्ड गेला, नवीन कॉम्प्युटर आला विंडोज ११ चा, प्रोग्राम उघडेना. विकणारा म्हणाला तुमचं सॉफ्टवेअर पण गेलं आणि प्रिंटर पण गेला. दुकानाचे मालक आण्णा घाबरून दुकानात आले माझ्या, सौदा दुसऱ्या दिवशी सकाळचा.

यातली खरी गोम अशी की जुनी डॉसची प्रोग्रामं १६ बिटची असतात, ती ३२ बिटच्या विंडोजवर चालायची, विंडोज १० ची ३२ बिटची आवृत्ती ही त्यांना चालवणारी शेवटची, विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं आणि त्यावर ती अजिबात उघडत नाहीत. पण डॉसबॉक्स-एक्स नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, ते नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुना डॉसचा कॉम्प्युटर उभा करतं आणि त्यातनं निघालेली छपाई विंडोजच्या प्रिंटरकडं वळवता येते. प्रिंटर जोडायला कॉम्प्युटरच्या मागं २५ पिनांचा जुना पॅरलल पोर्ट लागायचा, तो नव्या कॉम्प्युटरला नसतो, त्यासाठी यूएसबीची कन्व्हर्टर वायर मिळते. रात्री साडेदहापर्यंत बसलो, समास जुळवता जुळवता अर्धा बंडल कागद गेला, वैनींनी दोनदा चहा पाठवला, आणि पहिली पट्टी निघाली तेव्हा तिसऱ्या प्रतीवरचा आकडा पण वाचता येत होता. सकाळी सौदा झाला. प्रिंटर आजही तोच आहे, फक्त रिबन नवीन.

जुना कॉम्प्युटर ज्याला विंडोज ११ बसत नाही, त्याचं काय करायचं हेही मला सांगायचंय. त्यात विंडोजच्या जागी लिनक्स घाला. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडच्या विद्यार्थ्यानं सुरू केलं, आज तुमच्या अँड्रॉइड मोबाईलच्या मुळाशी तेच आहे. फुकट मिळतं, आपल्या सी-डॅकनं पण बॉस नावाचं लिनक्स काढलंय, केरळच्या सरकारी शाळांत तर कितीतरी वर्षं मुलं लिनक्सवरच शिकायलेत. माझ्या दुकानात १३ वर्षांचा एक कॉम्प्युटर आहे, ४ जीबी रॅम, हार्ड डिस्क काढून छोटी एसएसडी घातलीय, लिनक्स मिंटवर चालतो. त्याला यूएसबीचा प्रिंटर जोडलाय आणि कप्स नावाच्या छपाईच्या व्यवस्थेतनं तो दुकानातल्या सगळ्या कॉम्प्युटरना वाटून दिलाय, अ‍ॅपलचे मॅक पण हेच कप्स वापरतात. वर जो ११बी चा एरर सांगितला तो इथं येत नाही, कारण वाटून द्यायची पद्धतच वेगळी आहे, ६३१ नंबरच्या पोर्टवरनं आयपीपी नावाच्या छपाईच्या नियमानं चालते. हाच तो उपाय.

पण घालायच्या आधी एक तपासा, नाहीतर मला शिव्या द्याल. काही लेझर प्रिंटर असे असतात की पान मांडायचं सगळं काम ते कॉम्प्युटरकडनं करून घेतात, त्यांना खास ड्रायव्हर लागतो आणि तो लिनक्ससाठी एक तर मिळत नाही नाहीतर फार खटपट करावी लागते, आपल्याकडं सगळ्यात जास्त खपलेल्या छोट्या प्रिंटरांत असे आहेत. म्हणून पेनड्राइव्हवरनं लिनक्स चालू करून बघायचं, त्यात कॉम्प्युटरमधल्या कशालाही हात लागत नाही, प्रिंटर जोडायचा, एक पान काढायचं, निघालं तर पुढं जायचं.

मराठी टायपिंगबद्दल थोडं, कारण डीटीपीवाला म्हणून हे रोज भोगतो. गणपतीच्या आधी मंडळाची पोरं पेनड्राइव्ह घेऊन येतात, अर्ज दुसऱ्या दुकानात जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला असतो, माझ्याकडं उघडला की इंग्रजी अक्षरांचा भुगा. त्या जुन्या फॉन्टमध्ये आत साठवलेली इंग्रजीच अक्षरं असतात, फक्त कपडे देवनागरीचे, फॉन्ट नसला की कपडे उतरतात. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत, कन्नडला तशाच वेगळ्या १२८, म्हणून एकाच पानावर मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही सुखानं राहतात. आपल्या भागात तर तिन्ही लागतात, अर्ज मराठीत, पोचपावती कन्नडमध्ये, आधार इंग्रजीत. युनिकोडमध्ये टाईप करा, आणि प्रिंटला देताना पीडीएफ करून आणा, त्यात फॉन्ट आतच बांधून येतो, मग दुकान बदललं तरी ऱ्य आणि श बदलत नाहीत.

संपादक साहेब, एक मागणं आहे. आठवड्यातनं एक चौकट, अर्ध्या कॉलमाची चालेल, अशा गोष्टींसाठी ठेवा. विटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ, आपल्या बेळगावात आहे, इथली किती पोरं नेटवर्किंग शिकून पुण्या-बंगळुरात नोकरी करायलेत, त्यांनी सुट्टीत घरी आल्यावर एकेक प्रश्न मराठीत समजावून लिहिला तरी पुष्कळ होईल. इंग्रजीत सगळं आहे हो, पण येळ्ळूर, उचगाव, निपाणीच्या दुकानदाराला, शाळेतल्या क्लार्कला, ते शोधायला काय शोधायचं हेच कळत नाही, आणि कळत नाही म्हणून तो नवीन घेतो.

तोपर्यंत ज्यांचा प्रिंटर ऑफलाइन आहे त्यांनी शहापुरात आमच्या दुकानात शनिवारी दुपारनंतर यावं, प्रिंटर उचलून आणायची गरज नाही, त्याचा सेटिंगचा कागद आणि राउटरच्या खालच्या लेबलचा फोटो घेऊन या, फोटोत वायफायचा पासवर्ड असतो तेवढा बोटानं झाकून काढा. बघायचे पैसे घेत नाही.

आपला नियमित वाचक,
एक झेरॉक्स-डीटीपी दुकानदार,
शहापूर, बेळगाव